मतदारयादी : प्रौढ मताधिकाराची पहिली पायरी

भारतीय संविधानाचा ३२६ वा अनुच्छेद मोजक्या ओळींचा आहे. लोकसभा आणि राज्यांच्या विधानसभा यांच्या निवडणुका प्रौढ मताधिकाराच्या तत्त्वावर होतील, असे तो सांगतो. शिक्षण, संपत्ती, जात, धर्म किंवा लिंग यांची कोणतीही अट त्यात नाही. जगातील अनेक देशांना जे साध्य करण्यास शतक-दीड शतक झगडावे लागले, ते आपण एका अनुच्छेदाने साध्य केले, असे म्हटले जाते आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे.

तथापि, हक्क घोषित होणे वेगळे आणि तो नागरिकाच्या हाती पडणे वेगळे. या दोहोंमधील अंतर मतदारयादी भरून काढते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ अन्वये ज्या व्यक्तीचे नाव मतदारसंघाच्या यादीत नाही, तिला त्या मतदारसंघात मतदान करता येत नाही. ती व्यक्ती भारतीय नागरिक असेल, वयाने पात्र असेल, त्याच गावात तिच्या चार पिढ्या नांदल्या असतील. पण यादीत नाव नसेल तर मतदान केंद्राच्या दारातून तिला परत फिरावे लागते. म्हणून मताधिकाराचा इतिहास हा जसा लोकनेत्यांच्या मागण्यांचा आणि सरकारी कायद्यांचा इतिहास आहे, तसाच तो यादीत कोणाचे नाव आले आणि कोणाचे राहिले याचाही इतिहास आहे. ही यादी तयार करण्याचे काम ज्यांच्याकडे येते, त्या महसूल कर्मचाऱ्यांनी, शिक्षकांनी आणि त्यांना साहाय्य करणाऱ्या पंचायत सदस्यांनी हा इतिहास जाणून घेणे अगत्याचे आहे.

करदात्याचे मत

इंग्रजी अंमलात मताचा हक्क प्रथम आला तो नगरपालिकांच्या द्वारे, आणि तोही करदात्याचा हक्क म्हणून. मुंबई शहरासाठी १८७२ साली झालेल्या कायद्याने महापालिकेच्या ६४ सदस्यांपैकी निम्मे म्हणजे ३२ सदस्य करदात्यांनी निवडावेत असे ठरले. उरलेले सदस्य जस्टिस ऑफ द पीस मंडळी आणि सरकार यांच्याकडून येत. १८८२ साली लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा ठराव प्रसिद्ध केला आणि १८८४ साली मुंबई इलाख्यात लोकल बोर्डांचा कायदा झाला. स्थानिक कारभारात निवडणुकीचे तत्त्व अशा रीतीने रुजू लागले. पण त्यामागील विचार असा होता की, जो कर भरतो त्यालाच कारभाराविषयी बोलण्याचा अधिकार आहे. कर न भरणारा शेतमजूर, गिरणी कामगार, बलुतेदार यांना या विचारात स्थान नव्हते.

१९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी कायदेमंडळात निवडणुकीचे तत्त्व आणले. त्याचबरोबर मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघही निर्माण केले. एकाच गावातील मतदारांच्या धर्मानुसार निरनिराळ्या याद्या व्हाव्यात, या प्रथेचा आरंभ येथे झाला. १९१९ च्या कायद्याने थेट निवडणुकीची व्याप्ती वाढविली, परंतु मतदाराची पात्रता शेतसारा, घरभाडे, प्राप्तिकर अशा मालमत्तेच्या मोजमापांवरच ठेवली. प्रांतिक कायदेमंडळांसाठीचे मतदार एकूण लोकसंख्येच्या मानाने फारच थोडे होते. केंद्रातील कौन्सिल ऑफ स्टेट या वरिष्ठ सभागृहाचे मतदार तर साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मिळून सतरा हजारांच्या आसपास होते. आजच्या एखाद्या मोठ्या गावात त्याहून अधिक मतदार असतात, हे लक्षात घेतले म्हणजे त्या काळच्या मताधिकाराची मर्यादा ध्यानात येते.

महाराष्ट्रातून उठलेली मागणी

१९१९ च्या कायद्यापूर्वी मताधिकाराचा विचार करण्यासाठी साउथबरो समिती नेमण्यात आली होती. या समितीपुढे महर्षी विठ्ठल रामजी शिंदे आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर या दोघांनीही अस्पृश्य समाजाच्या प्रतिनिधित्वाविषयी साक्ष दिली. डॉ. आंबेडकर त्या वेळी सत्तावीस वर्षांचे होते. मालमत्तेची एकच अट सर्वांना सारखी लावली तरी तिचा परिणाम सर्वांवर सारखा होत नाही, हा मुद्दा तेव्हापासून चर्चेत आला. ज्या समाजाला जमीन धारण करण्याची संधीच परंपरेने नाकारली, त्याला जमीन नाही म्हणून मतही नाही, असा तो दुहेरी अन्याय होता.

स्त्रियांचा प्रश्नही याच सुमारास पुढे आला. डिसेंबर १९१७ मध्ये सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे शिष्टमंडळ मद्रास येथे भारतमंत्री मॉन्टेग्यू यांना भेटले. पुरुषांना ज्या अटींवर मत मिळेल त्याच अटींवर ते स्त्रियांनाही मिळावे, ही त्यांची मागणी होती. साउथबरो समितीने ती मान्य केली नाही. अखेरीस, प्रत्येक प्रांताच्या कायदेमंडळाने हवे तर ठराव करून स्त्रियांवरील बंदी उठवावी, अशी तरतूद झाली. १९२१ साली प्रथम मद्रासने आणि त्यापाठोपाठ मुंबईने असा ठराव केला. मुंबई इलाख्यात या प्रश्नी रमाबाई रानडे यांनी पुढाकार घेतला होता. बंदी उठली, पण मालमत्तेची अट राहिली. आणि स्वतःच्या नावावर मालमत्ता असलेल्या स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असल्याने यादीत त्यांची नावे तुरळकच आली.

१९२८ साल या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी पंडित मोतीलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखालील समितीने प्रौढ मताधिकाराची शिफारस केली. त्याच वर्षी डॉ. आंबेडकर यांनी सायमन कमिशनपुढे पुणे येथे साक्ष देताना प्रौढ मताधिकाराचा आग्रह धरला. निरक्षर माणसाला मत कसे द्यावे, हा त्या काळचा नेहमीचा आक्षेप. त्यावर डॉ. आंबेडकरांचे म्हणणे असे की, निरक्षर मनुष्य अजाण असतोच असे नाही आणि साक्षर मनुष्य सुजाण असतोच असेही नाही. शिवाय, ज्यांना शिक्षणापासून दूर ठेवले त्यांनाच अशिक्षित म्हणून मताला अपात्र ठरविणे न्यायाचे नाही. १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसनेही मूलभूत हक्कांच्या ठरावात प्रौढ मताधिकाराचा समावेश केला. म्हणजे संविधान तयार होण्यापूर्वी जवळजवळ दोन दशके ही मागणी देशापुढे स्पष्टपणे मांडली गेली होती.

एक गाव, अनेक याद्या

पुढच्या टप्प्यावर प्रश्न केवळ मत कोणाला एवढाच राहिला नाही. कोणी कोणासाठी मत द्यावे हाही वादाचा विषय झाला. १९१९ च्या व्यवस्थेत मुंबई कायदेमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखीव होत्या. मुसलमानांचे मतदारसंघ स्वतंत्र होते. १९३२ च्या जातीय निवाड्याने अस्पृश्य समाजासाठीही स्वतंत्र मतदारसंघ दिले. त्यावरून येरवड्याच्या तुरुंगात महात्मा गांधींनी उपोषण केले आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. त्यानुसार स्वतंत्र मतदारसंघांऐवजी संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा ठेवण्याचे ठरले आणि प्रांतिक कायदेमंडळांतील अशा जागांची संख्या १४८ झाली. या कराराविषयी मतभेद तेव्हा होते आणि पुढेही राहिले. परंतु त्यानंतरच्या राज्यघटनात्मक विचारावर त्याची छाप पडली, यात शंका नाही.

१९३५ च्या कायद्याने मतदारांची संख्या वाढून सुमारे तीन कोटींपर्यंत गेली. तरीही प्रौढांपैकी फार मोठा भाग यादीबाहेरच होता. स्त्रियांना मत मिळाले ते मुख्यत्वे साक्षर म्हणून किंवा मालमत्ताधारकाची पत्नी अथवा विधवा म्हणून. स्त्रीची नोंद तिच्या नात्यावरून करण्याची ही रीत पुढे मोठ्या अडचणीचे कारण ठरणार होती.

संविधानाच्या ३२५ व्या अनुच्छेदाने हा सारा अध्याय संपविला. प्रत्येक मतदारसंघासाठी एकच सर्वसाधारण मतदारयादी असेल, आणि केवळ धर्म, वंश, जात किंवा लिंग या कारणावरून कोणासही त्या यादीतून वगळता येणार नाही, अशी ग्वाही तो अनुच्छेद देतो. अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखीव आहेत. यादी मात्र सर्वांची एकच आहे.

संविधानाआधी सुरू झालेले काम

संविधान अंमलात आले २६ जानेवारी १९५० रोजी. परंतु प्रौढ मताधिकारानुसार यादी तयार करण्याचे काम त्याच्या दोन वर्षे आधीच सुरू झाले होते. संविधान सभेच्या सचिवालयाने १९४७ च्या अखेरीपासून त्याची आखणी केली आणि १९४८ साली प्रांतांना व संस्थानांना त्याविषयी सूचना दिल्या. देशाची फाळणी होऊन लक्षावधी निर्वासित छावण्यांत राहत होते. संस्थानांचे विलीनीकरण चालू होते. अनेक गावांत घरांना क्रमांकदेखील नव्हते. अशा परिस्थितीत तलाठी, पाटील, शिक्षक आणि कारकून यांनी घरोघर जाऊन नावे लिहून घेतली. पूर्वी मतदाराने आपली मालमत्ता सिद्ध करून नाव घालून घ्यावे लागे. आता शासन मतदाराच्या दारी जाऊन त्याचे नाव विचारू लागले. प्रजेचे नागरिकांत रूपांतर झाले ते अशा रीतीने, उंबरठ्यावर.

या कामात लवकरच एक पेच उभा राहिला. मतदाराने त्या ठिकाणी वर्षभरात किमान १८० दिवस वास्तव्य केलेले असावे, अशी अट प्रारंभी होती. नुकत्याच सीमा ओलांडून आलेल्या निर्वासितांना ती पुरी करणे अशक्य होते. तेव्हा, या ठिकाणी कायमचे राहण्याचा आपला इरादा आहे असे निर्वासिताने घोषित केले, तर तेवढ्यावर त्याचे नाव घ्यावे, असा निर्णय देण्यात आला. नियमाचा हेतू नागरिकाला सामावून घेण्याचा आहे, हे ओळखून नियमाला वळण दिल्याचे हे उदाहरण आजही अभ्यासण्यासारखे आहे.

याच्या उलट प्रकारही घडले. काही प्रांतांत भाषेने, वंशाने किंवा संस्कृतीने परके मानले गेलेले रहिवासी याद्यांतून वगळले जात असल्याच्या तक्रारी संविधान सभेपर्यंत पोहोचल्या. १५ जून १९४९ रोजी डॉ. आंबेडकर यांनी निवडणुकीसंबंधीच्या कलमात महत्त्वाची दुरुस्ती मांडली. प्रांतासाठी वेगळे निवडणूक आयोग नेमण्याची मूळ कल्पना बाजूस सारून, केंद्रीय व राज्य विधिमंडळांच्या निवडणुका आणि त्यांच्या मतदारयाद्या एकाच स्वतंत्र आयोगाच्या देखरेखीखाली असाव्यात, असे त्यांनी सुचविले. त्याचे कारण सांगताना त्यांनी याच तक्रारींचा उल्लेख केला. आज आपण निवडणूक आयोगाची स्वायत्तता म्हणतो तिच्या मुळाशी, यादीतून कोणाचे नाव अन्यायाने गळू नये, ही चिंता होती. ३२४ वा अनुच्छेद तर संविधानाच्या ज्या मोजक्या तरतुदी २६ नोव्हेंबर १९४९ रोजीच अंमलात आल्या त्यांत होता.

नोंदणी कारकुनाची सत्ता

ही चिंता केवळ आपल्याच देशातील नव्हे. अमेरिकेच्या संविधानात १८७० साली पंधरावी दुरुस्ती झाली. वंश, वर्ण किंवा पूर्वीची गुलामगिरी या कारणावरून कोणाचा मताधिकार हिरावून घेता येणार नाही, असे तिने जाहीर केले. कागदावर हक्क पूर्ण होता. परंतु दक्षिणेकडील राज्यांनी मतदार नोंदणीसाठी साक्षरतेच्या परीक्षा ठेवल्या, डोईपट्टी बसविली आणि परीक्षेत कोण उत्तीर्ण झाला हे ठरविण्याचा अधिकार नोंदणी अधिकाऱ्यास दिला. गोऱ्या अर्जदारास सोपा उतारा आणि काळ्या अर्जदारास दुर्बोध कलम, असा भेद राजरोस होऊ लागला. अलाबामा राज्यातील सेल्मा शहर ज्या डलस काउंटीत आहे, तेथे कृष्णवर्णीयांची वस्ती निम्म्याहून अधिक असताना त्यांच्यापैकी मूठभरांचीच नावे मतदार म्हणून नोंदली गेली होती.

याच सेल्मा शहरातून ७ मार्च १९६५ रोजी मताधिकारासाठी निघालेल्या शांततापूर्ण मोर्चावर पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर चालविला. त्या दृश्यांनी अमेरिकेचे जनमत हलले आणि त्याच वर्षी ६ ऑगस्ट रोजी मताधिकार कायदा झाला. साक्षरतेच्या परीक्षा त्याने बंद केल्या आणि जेथे भेदभाव चालत असे तेथे नोंदणीसाठी केंद्र सरकारचे परीक्षक पाठविण्याची तरतूद केली. हक्काची घोषणा आणि हक्काची नोंदणी यांत पंचाण्णव वर्षांचे अंतर पडले. आपल्याकडे साक्षरतेची अट आली असती तर काय झाले असते? १९५१ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरता सुमारे १८ टक्के होती. स्त्रियांची तर नऊ टक्क्यांच्या आसपास. संविधानकर्त्यांनी ती अट नाकारली नसती, तर दर पाच नागरिकांपैकी चौघे मताला मुकले असते.

'अमक्याची बायको'

साक्षरतेचा अडसर आपण टाळला. पण दुसरा एक अडसर आपल्या घरांतच होता. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशभरात सुमारे १७ कोटी ३० लाख मतदारांची नोंद झाली. त्यांत स्त्रिया सुमारे आठ कोटी. उत्तर भारतातील अनेक भागांत प्रगणक घरी गेला असता स्त्रिया स्वतःचे नाव सांगेनात. 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी' एवढेच उत्तर मिळे. परक्या पुरुषापुढे नाव उच्चारू नये, ही रूढी त्यामागे होती. प्रगणकांनीही तसेच लिहून घेतले.

पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी हे मान्य केले नाही. मतदार ही स्वतंत्र व्यक्ती आहे, तिची ओळख तिच्या नावानेच झाली पाहिजे, अशी भूमिका त्यांनी घेतली. नावे दुरुस्त करून घेण्यासाठी प्रयत्न झाले, बिहारमध्ये मुदतही वाढवून दिली. तरीही सुमारे २८ लाख स्त्रियांची योग्य नावे मिळू शकली नाहीत आणि त्यांच्या नोंदी वगळाव्या लागल्या. यांतील बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेश येथील होत्या.

२८ लाख स्त्रियांचे मत गेले, ही हानी लहान नव्हे. तथापि, नात्यावरून केलेली नोंद तशीच राहू दिली असती तर ती प्रथा पक्की झाली असती, हेही तितकेच खरे. हा निर्णय कठोर होता. त्यामुळे पुढील निवडणुकांपूर्वी स्त्रियांची नावे विचारण्याची आणि सांगण्याची सवय लागली. घरातील सुनेला प्रथमच कोणी सरकारी मनुष्य तिचे स्वतःचे नाव विचारीत होता. या एका प्रश्नात केवढा सामाजिक बदल सामावला होता, याची कल्पना आज येणे कठीण आहे.

एकच रांग

पहिल्या निवडणुकीचे मतदान हिमाचल प्रदेशातील चिनी तहसिलीत २५ ऑक्टोबर १९५१ रोजी सुरू झाले आणि देशभर ते फेब्रुवारी १९५२ पर्यंत चालले. लोकसभेच्या ४८९ जागांबरोबरच राज्य विधानसभांच्याही निवडणुका झाल्या. निरक्षर मतदारांसाठी प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी ठेवून तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटविले जाई आणि मतदार आपली मतपत्रिका पसंतीच्या पेटीत टाकी. लोखंडाच्या या पेट्यांपैकी मोठा भाग मुंबईच्या विक्रोळी येथील गोदरेज कारखान्यात तयार झाला. सुमारे ४५ टक्के मतदारांनी मतदान केले.

मराठी भाषक प्रदेश त्या वेळी मुंबई, मध्य प्रदेश आणि हैदराबाद अशा तीन राज्यांत विभागलेला होता. सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या सत्तेखाली असलेल्या मराठवाड्यातील जनतेला प्रौढ मताधिकाराचा अनुभव प्रथमच येत होता. उत्तर मुंबई मतदारसंघात खुद्द डॉ. आंबेडकर पराभूत झाले. ज्यांनी संविधानाचा मसुदा घडविला, त्यांनाही इतर कोणत्याही उमेदवाराप्रमाणे मतदाराच्या निर्णयास सामोरे जावे लागले. आणि तो निर्णय यथाविधि अंमलात आला.

गोमंतकाला या हक्कासाठी आणखी थांबावे लागले. १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्ता संपली आणि ९ डिसेंबर १९६३ रोजी गोवा, दमण व दीव विधानसभेसाठी पहिली निवडणूक झाली. पुढे १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात, महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे, हा प्रश्नच मतदारांपुढे ठेवला गेला. ३४,०२१ मतांच्या फरकाने केंद्रशासित राहण्याचा निर्णय झाला. एवढ्या भावनेच्या प्रश्नाचा निवाडा मतपेटीने केला आणि तो सर्वांनी स्वीकारला.

मतदान केंद्रावर रांग एकच असते. परंतु रांगेपर्यंत निर्भयपणे येता यावे यासाठी इतर नागरी हक्कही जिवंत असावे लागतात. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ चा अस्पृश्यता अपराध अधिनियम १९७६ साली अधिक कडक होऊन नागरी हक्क संरक्षण अधिनियम या नावाने ओळखला जाऊ लागला. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीस मतदान न करण्यास किंवा विशिष्ट उमेदवारास मत देण्यास भाग पाडणे, हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने स्वतंत्र अपराध ठरविला आहे. पाणवठ्यावर ज्याला अडविले जाते, त्याला मतदान केंद्राची वाटही मोकळी वाटत नाही. मताचा हक्क आणि माणुसकीचा हक्क एकमेकांच्या आधाराने उभे असतात, ते असे.

आजची यादी आणि आपली जबाबदारी

त्यानंतरच्या काळात हा हक्क विस्तारत गेला. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मताधिकाराचे वय २१ वरून १८ वर आले. ती १९८९ साली अंमलात आली. १९९३ साली त्र्याहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्त्यांनी पंचायती आणि नगरपालिका यांना घटनात्मक दर्जा दिला व त्यांच्या निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोग निर्माण केले. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची मतदारयादी विधानसभेच्या यादीवरूनच प्रभागनिहाय तयार होते. म्हणजे विधानसभेच्या यादीत राहिलेली चूक थेट ग्रामपंचायतीत आणि ग्रामसभेतही उतरते. २००९ पासून स्त्री व पुरुष यांखेरीज 'इतर' अशी लिंगनोंद करण्याची सोय झाली. पूर्वी केवळ १ जानेवारी हा एकच अर्हता दिनांक असे; २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर असे चार दिनांक झाले आहेत, त्यामुळे अठरा वर्षे पूर्ण झालेल्या तरुणास वर्षभर वाट पाहावी लागत नाही.

तरीही प्रत्यक्ष कामात काही मुद्द्यांवर विशेष लक्ष द्यावे लागते.

पहिला मुद्दा 'सर्वसाधारण रहिवास' याचा. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० असे स्पष्ट सांगतो की, एखादी व्यक्ती तात्पुरती बाहेरगावी गेली एवढ्यावरून तिचा सर्वसाधारण रहिवास संपत नाही. ऊसतोडणीसाठी सहा-सहा महिने गाव सोडणारी कुटुंबे, वीटभट्टीवरील मजूर, मेंढरांमागे फिरणारे धनगर यांच्या घराला कुलूप दिसले म्हणून 'स्थलांतरित' असा शेरा मारणे या तरतुदीशी विसंगत आहे. उलट, गावात केवळ घर किंवा जमीन आहे एवढ्यावरून तेथील रहिवासही सिद्ध होत नाही, हेही तोच कायदा सांगतो.

दुसरा मुद्दा बेघरांचा. ज्याला घर नाही त्यालाही मत आहे. अशा व्यक्तीने अर्जात जी जागा दिली असेल तेथे ती खरोखर झोपते की नाही, हे केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री जाऊन पाहावे, अशी निवडणूक आयोगाची सूचना आहे. त्यासाठी तिच्याकडे रहिवासाचा कागद मागण्याचे कारण नाही. पालावर राहणाऱ्या भटक्या-विमुक्त कुटुंबांच्या बाबतीत ही सूचना फार उपयोगाची आहे.

तिसरा मुद्दा नाव वगळण्याचा. मृत किंवा दुबार नावे यादीत राहणे हा दोषच होय, आणि ती काढलीच पाहिजेत. परंतु रहिवास संपला किंवा पात्रता नाही या कारणावरून नाव काढण्यापूर्वी त्या व्यक्तीस आपले म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिली पाहिजे, असे कायद्यातच म्हटले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लाल बाबू हुसेन प्रकरणी हे तत्त्व अधिक ठामपणे सांगितले : ज्याचे नाव यादीत आधीच आहे, त्याच्या बाबतीत पूर्वीच्या नोंदणीला योग्य ते महत्त्व द्यावे आणि चौकशी खुल्या मनाने करावी.

चौथा मुद्दा लग्न होऊन आलेल्या मुलींचा. माहेरच्या यादीतून नाव निघते आणि सासरच्या यादीत येत नाही, असे होऊ नये. नव्या नोंदणीसाठी नमुना ६, हरकत वा वगळणीसाठी नमुना ७ आणि दुरुस्ती व स्थलांतर यांसाठी नमुना ८ अशी आजची रचना आहे. शिक्षकांनी दहावी-बारावीच्या वर्गांत, आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत हे नमुने समजावून दिले, तर पुष्कळ काम सोपे होते. यादीच्या कामात कर्तव्यच्युती करणाऱ्यास कायद्याने तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा ठेवली आहे. परंतु शिक्षेच्या भयापेक्षा कामाचे मोल कळणे अधिक महत्त्वाचे.

उपसंहार

मताधिकाराच्या या प्रवासात एक गोष्ट वारंवार दिसते. नाकारणाऱ्याने उघडपणे 'तुला मत नाही' असे क्वचितच म्हटले. त्याने विचारले ते वेगळेच : तू किती सारा भरतोस? तुला वाचता येते का? तू येथे किती दिवस राहतोस? तू कोणाची बायको? यातील काही प्रश्न कायद्याने रद्द केले, काही रूढी बदलल्याने मागे पडले. आज विचारण्याजोगे प्रश्न थोडेच उरले आहेत : नाव काय, वय काय, राहता कोठे, आणि आपण भारताचे नागरिक आहात ना.

हे चार प्रश्न कोणत्या रीतीने विचारले जातात, यावर एखाद्या पालावरच्या म्हातारीला आपण या देशाच्या मालकांपैकी एक आहोत असे वाटेल की नाही, हे अवलंबून असते. प्रत्येक पुनरीक्षणाच्या वेळी प्रारूप यादी प्रसिद्ध होते. दावे व हरकतींसाठी मुदत असते. त्या मुदतीत यादीचे चावडीवर जाहीर वाचन व्हावे, वस्तीवस्तीत ती दाखविली जावी आणि राहिलेले नाव त्याच वेळी घातले जावे. मतदानाच्या दिवशी लक्षात आलेली चूक त्या दिवशी दुरुस्त होत नाही.